देणारीची खुर्ची

“गोळ्या तूच दिल्यास ना?”

“हो.”

इतकं सरळ उत्तर येईल असं सिस्टरांना वाटलं नव्हतं. त्या रडारडीची तयारी करून आल्या होत्या. चिमणी मात्र मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलासमोर हात मागे बांधून मुकाट उभी होती. नववीतली पोर, पण दिसायला पाचवीतली, म्हणून सगळी शाळा तिला चिमणीच म्हणायची. तिची एकुलती एक मैत्रीण, आठवीतली, कालपासून दवाखान्यात बेशुद्ध होती. मैत्रिणीच्या दप्तरात गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. चिमणीचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या झोपेच्या गोळ्या होत्या त्या.

“किती दिल्यास?”

“आधी रोज एक. तिला परीक्षेच्या भीतीने झोप लागत नव्हती. परवा तिने सगळं पाकीटच मागितलं.”

“आणि तू दिलंस?”

“हो.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “सकाळीच तिचा बाप फाटकाशी येऊन नको नको ते बोलून गेला. सिस्टर, हिचा शाळा सोडल्याचा दाखला मी लिहून ठेवलाय. वर्षाच्या मध्यात हिला दुसरी शाळा घेणार नाही, तेही मला कळतं. म्हणून तुम्हाला बोलावलं. ही बाकीच्या मुलांत ठेवण्यासारखी नाही, एवढं तुम्ही लेखी द्या, की दाखला हिच्या हातात. तुम्ही नाही म्हणालात, तर फाडून टाकते.”

सिस्टरांचा शब्द म्हणजे शाळेत शेवटचा शब्द. उगाच नव्हे. त्यांनी सव्वीस वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. रिटायर झाल्यावर माणसं गुडघे चोळत घरी बसतात. सिस्टर दर शनिवारी शाळेत यायच्या, स्वतःच्या खर्चाने, कोणी हार घालायला नको की फोटो काढायला नको. या शाळेतलं एकही लेकरू त्या वॉर्डातल्या खाटेवर जाता कामा नये, एवढाच त्यांचा ध्यास.

शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची. भाषण नाही, तक्ते नाहीत. वर्गात समोर दोन खुर्च्या. एकीवर ‘देणारा’ बसायचा. दुसरीवर एकेक मूल पाळीपाळीने यायचं आणि तीनदा नकार द्यायचं. पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा ठणकावून, तिसऱ्यांदा उठून चालू पडायचं. मग टाळ्या. लाजरीबुजरी पोरंसुद्धा महिन्याभरात अशी ठणकावायला लागली, की घरी आयांच्या तक्रारी सुरू झाल्या. भाजीलासुद्धा नको म्हणतात हो!

घोडं अडलं ते देणाऱ्यापाशी. पोरं कॉलर वर करून, डोळा मारून, घोगऱ्या आवाजात “ए, घे की!” म्हणायची आणि वर्ग खिदळायचा. सिस्टर करवादायच्या. “अरे मेल्यांनो, असा कोण येतो? असा आला तर कुत्रंसुद्धा घेणार नाही त्याच्या हातून!” मग एका शनिवारी त्यांनी शेवटच्या बाकावरच्या, अजून पाळी न आलेल्या चिमणीला उठवून खुर्चीत बसवलं. समोर वर्गाचा मॉनिटर. चिमणी त्याच्याकडे बघत हळूच म्हणाली, “दमलास का रे? डोकं दुखत असेल ना? माझ्याकडे आहे एक.” मॉनिटरने हात पुढे केला! वर्ग खिदळायचं विसरला. सिस्टरांना तर हर्षवायू व्हायचा बाकी होता.

तेव्हापासून ती खुर्ची चिमणीची झाली. जिच्याशी कोणी बोलत नव्हतं, तिच्यासमोर बसायला पोरं रांग लावू लागली. सिस्टर तिला आजूबाजूच्या शाळांतही नेऊ लागल्या. “हिच्यासमोर जो टिकला, तो जगात कुठेही टिकेल,” असं कौतुकाने सांगायच्या. सहा शाळा, शेकडो मुलं. एकेक जण समोर येऊन नकार देऊन गेला.

आणि आज हे. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आपणच हिला घडवलं, आपणच कौतुक केलं, आणि हिने खेळ खरा करून दाखवला! वर चेहऱ्यावर रेघ हलत नाही. वॉर्डात असले थंड चेहरे त्यांनी ढिगाने पाहिले होते. दया दाखवायची आणि मग पस्तावायचं, हेही पाहिलं होतं.

“हिला ठेवलीत तर उद्या आणखी एक खाटेवर जाईल,” त्या बाईंना म्हणाल्या. कागद ओढून त्यांनी चार ओळी लिहिल्या. खाली सही ठोकली, तारीख घातली.

बाईंनी कागद फायलीत लावला, दाखल्यावर शिक्का मारला आणि चिमणीच्या हातात दिला. तिने तो नीट घडी करून दप्तरात ठेवला. दप्तर पाठीला लावलं. दाराशी जाऊन ती थांबली.

“सिस्टर, ती उठेल ना?”

तेवढ्याने सिस्टरांचा तोल गेला. रागच होता तो, पण त्यात रडूही मिसळलं होतं. “आता विचारतेस? कार्टे, वर्षभर एक शनिवार चुकवला नाहीस! आख्खा जन्म घालवून जे शिकले ते तुमच्यापुढे ओतलं. तिने मागितलं तेव्हा एकदा, एकदा तरी नाही म्हणायला काय झालं होतं तुला?”

चिमणीने खरंच विचार केला.

“सगळ्यांची पाळी आली, सिस्टर,” ती म्हणाली. “माझी कधी आलीच नाही.”