चित्राला हार

"आधी चित्रं, मग भजी," असं म्हणत योहाननं श्रीमंतला दंडाला धरून कढईपासून ओढलं.

"अरे, गरम आहेत!"

"नेम म्हणजे नेम."

नेम योहानचाच. तो मूळचा श्रीरामपूरचा, नगरात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या चर्चमधले स्पॅनिश फादर सांगायचे, आमच्या शहरात सुट्टीच्या दिवशी माणसं चित्रांची प्रदर्शनं बघतात, मग खाण्याच्या एका दुकानातून दुसऱ्यात हिंडतात. प्रत्येक ठिकाणी उभ्याउभ्या दोन घास खायचे आणि चित्रांवरून भांडायचं. शाळेत ड्रॉइंग मास्तर असलेल्या श्रीमंतला हे असं काही पटलं की विचारू नका. नगरात प्रदर्शन लागलं आणि हे दोघे गेले नाहीत, असं सात वर्षांत झालं नव्हतं. आधी चित्रं, मग एकीकडे भजी, दुसरीकडे मिसळ, तिसरीकडे भेळ. फादरांच्या गावी सोबत वाइन असते म्हणे. इथं चहा. चालतंय.

त्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी चित्रकारांचं प्रदर्शन होतं. दुष्काळ सरून पहिली ज्वारी घराघरात आली होती. त्यामुळं असेल, गर्दी बरी होती.

"ही गाय आहे की कपाट?" श्रीमंतनं हळूच विचारलं.

"गाय. कपाटाला शेपूट नसतं."

दोघं खिदळत पुढं सरकले. मग योहान चालता चालता थांबला. "त्या कोपऱ्यातलं माझं आहे," तो म्हणाला. "रागावू नकोस."

श्रीमंत कोपऱ्यात गेला आणि जागीच थिजला.

लाल फेटा, पांढऱ्या मिशा, एक भुवई वर चढलेली. आबासाहेब. श्रीमंतचे वडील. म्हातारा इतका हुबेहूब उतरला होता की आता शिवी हासडेल असं वाटावं. आणि चित्राला झेंडूचा ताजा हार घातलेला होता.

अकरा वर्षांपूर्वी श्रीमंत शेती सोडून चित्रं शिकायला निघाला, तेव्हा हेच आबा ओट्यावरून गरजले होते, "रेघोट्या मारून पोट भरतं व्हय? जा! आता माझ्या दहाव्यालाच ये."

"बरं. दहाव्यालाच येतो," श्रीमंतही म्हणाला होता.

बापलेक एकाच मातीचे. एकानं बोलावलं नाही, दुसरा गेला नाही. खरं तर श्रीमंतचा राग दोन वर्षांतच विरला होता, उरला होता तो नुसता हट्ट. दर दिवाळीला तो पिशवी भरायचा आणि पुन्हा रिकामी करायचा. आपणहून गेलो तर नाक कापलं जाईल, आणि न जाताही करमेना. बिचारा दोन्हीकडून अडकला होता.

"हार कुणी घातला?" त्यानं कसंबसं विचारलं.

"देवाशपथ, मी नाही." योहानचा चेहरा उतरला होता. "काल संध्याकाळी चित्र लावलं तेव्हा हार नव्हता. महिन्यापूर्वी तुझ्या गावी सोसायटीची पाटी रंगवायला गेलो होतो. तेव्हा आबा समोर बसले. ठणठणीत होते रे. सारखं तुझंच विचारत होते. काय खातो, कुठं हिंडतो, सुट्टीत काय करतो. मी सगळं सांगितलं. हे चित्र या रविवारी इथं लागणार, तेही."

हॉलच्या शिपायालाही धड माहीत नव्हतं. "सकाळी दार उघडून चहाला गेलो. आलो तर हार घातलेला. गावाकडचं कुणी असेल."

हार घातलेल्या तसबिरीचा अर्थ आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. श्रीमंत मटकन खाली बसला.

"मला कळवलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "आईनंही नाही. त्यांनीच बजावलं असेल."

भजी राहिली, मिसळ राहिली. एसटी स्टँडबाहेर न्हावी बसला होता. श्रीमंत त्याच्यापुढं जाऊन बसला.

"सगळं उतरव. मिशीसुद्धा."

"कोण गेलं?" न्हाव्यानं पाणी लावत विचारलं.

"वडील," श्रीमंत म्हणाला, आणि भर रस्त्यात ढसाढसा रडला. अकरा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. न्हावी भला माणूस. वस्तरा बाजूला ठेवून तो थांबला.

"मी येऊ सोबत?" गावाकडं जाणाऱ्या नेवाशाच्या गाडीत त्याला बसवताना योहाननं विचारलं.

"नको. इतकी वर्षं मीच लांबवलंय. आता मीच जातो."

गाडी खडखडत निघाली. दहावा झाला की व्हायचाय, हेही त्याला ठाऊक नव्हतं. एकदा तरी यायचं होतं आबा जिवंत असताना, एवढंच राहून राहून मनात येत होतं. काय मिळवलं हट्ट करून? फाट्यावर उतरून त्यानं टॉवेल डोक्यावरून पुढं ओढला आणि खालमानेनं घराकडं चालू लागला. कुणाला काही विचारायचं तोंडच नव्हतं.

अंगणात त्याची आई भीमाबाई ज्वारी पाखडत बसली होती. तिनं मान वर केली आणि हातातलं सूप टाकलं.

"माझा श्रीमंत!" ती धावत आली. टॉवेल घसरला, आणि तिनं तोंडावर हात घेतला. "आगं बया! कोन गेलं रं?"

श्रीमंत तिच्या कपाळाकडं बघतच राहिला. चांगलं बंद्या रुपयाएवढं कुंकू होतं.

मागं गोठ्याचं दार वाजलं. आबासाहेब सावकाश चालत त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी न पुसताच त्यांनी लेकाच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"येड्या," ते म्हणाले, "पहाटंच्या गाडीनं जाऊन म्या निस्ता हार घातला, तर तू त्येवढ्यावर डोकं भादरून आलास व्हय रं?"