म्हाताऱ्याचा सौदा

"दे ना मला तुझा म्हातारा," खांब म्हणाली, "आणि माझा पोरगा घे."

कप्तान एका पँटची शिवण उसवत होती, ती थांबली. रविवारची दुपार. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं आणि कापडं बेतायच्या टेबलाभोवती तिघी: दुकानाची मालकीण कप्तान, रक्त तपासायच्या लॅबमधली खांब आणि शाळेत भूगोल शिकवणारी टिपरी. ही नावं शाळेच्या बास्केटबॉल संघातली, अंगाला चिकटली ती चिकटलीच. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, म्हणून खेळ फोनवर. दूरदेशीचे खरेखुरे खेळाडू तिघींनी वाटून घ्यायचे, रोज त्यांतले पाच उतरवायचे आणि त्यांनी खऱ्या सामन्यात केलेले गुण आपल्या नावावर लावायचे. उरलेले बाकावर. नियम एकच. अदलाबदल दोघींनी ठरवायची, पण तिसरीनं मान हलवल्याशिवाय ती पक्की नाही. आणि तिसरीची मान सहसा हलत नसे.

"कुठला पोरगा?" टिपरीनं विचारलं.

"तोच. रोज अठ्ठावीस गुण करतो तो."

टिपरीनं चहाचा कप खाली ठेवला. म्हातारा म्हणजे अडतीस वर्षांचा गडी. दोन महिन्यांत एकदाच मैदानात उतरलेला, तेही संघ हरणार हे नक्की झाल्यावर. आवळा देऊन कोहळा काढणारे तिनं खूप पाहिले होते, पण ही बाई कोहळा देऊन आवळा मागत होती.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. "स्पर्धेचे तीन आठवडे राहिलेत, मी पहिली आहे. पोरगा कप्तानकडे गेला की ती पहिली. तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय हे."

"मला तर आत्ता कळतंय," कप्तान म्हणाली. ते खरंच होतं. पण मनात मात्र तिनं पोरग्याला आपल्या पाचांत बसवूनही टाकलं होतं. पहिला नंबर तिला शाळेपासून आवडायचा, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"काय करणार आहेस म्हाताऱ्याचं?" तिनं खांबला विचारलं.

"उतरवणार. पाचांत."

"शून्य मिळेल."

"मिळू दे." खांबनं स्टुलाखाली आपले लांबलचक पाय गोळा केले. "दोन वर्षं बघतेय मी. तू त्याला काढत नाहीस आणि उतरवतही नाहीस. नुसतं बसवून ठेवलंयस. काय खेळायचा गं तो! रिंगखाली उभा राहिला की आत यायची कुणाची टाप नव्हती."

"तुझ्यासारखाच," टिपरी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

तिघींच्या डोळ्यांपुढं एकच मैदान होतं. सिमेंटचं, डाव्या कोपऱ्यात भेग पडलेलं. त्या भेगेवर बॉल आपटला की हमखास वाकडा उसळायचा आणि पाहुण्या मुली फसायच्या. सकाळी शाळेआधी सराव. चांगल्या बुटांचा जोड अख्ख्या संघात एकच, तोही पाळीनं घालायचा. खांबचे पाय त्यात मावायचे नाहीत, म्हणून ती अनवाणीच खेळायची. किती चांगले दिवस होते ते! आणि त्या सगळ्या दिवसांच्या शेवटी तो अंतिम सामना. शेवटची चार मिनिटं उरली असताना कप्ताननं खांबला बाकावर बसवलं होतं. शेवटचा बॉल कप्ताननं स्वतः टाकला. एका गुणानं संघ जिंकला.

"जिंकलो ना आपण," खांब हसून म्हणाली. "म्हणून तर कधी बोलता आलं नाही. हरलो असतो तर कडाकडा भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, मिटलं असतं. जिंकल्यावर कुणाशी भांडू?"

'तुझा गुडघा सुजला होता,' हे उत्तर कप्तानच्या ओठांवर तयार होतं. पस्तीस वर्षं ते तिनं सगळ्यांना दिलं होतं, स्वतःलासुद्धा. आज ते तिच्या तोंडून निघेना. तिनं हातातली पँट बाजूला ठेवली, फोन उचलला, आपल्या पाचांतला सगळ्यांत भरवशाचा खेळाडू बाकावर बसवला आणि त्याच्या जागी म्हाताऱ्याला घेतलं.

"सौदा नाही," ती म्हणाली. "त्याला मीच उतरवते."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? तीन आठवडे राहिलेत!" टिपरी ओरडली. यात फायदा झाला तर तिचाच होता, पण तेवढं सुचायला तिला वेळ लागला.

कप्तान तिच्याकडे बघतही नव्हती.

"तुझा गुडघा बरा होता," ती खांबला म्हणाली. "शेवटचा बॉल मला टाकायचा होता. तू रिंगखाली असतीस तर तुलाच द्यावा लागला असता."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," खांब म्हणाली. "त्याचं मी काही मनात ठेवलं नाही. तुझा बॉल अजून हवेतच होता ना, तेव्हा बाकावरून सगळ्यांत आधी मीच उठले होते. घसा बसेपर्यंत तुझ्या नावानं ओरडले."

कप्तानला त्या क्षणाचं सगळं आठवत होतं. रिंगेवरून घरंगळत आत पडलेला बॉल, शिट्टी, खांद्यावर घेणाऱ्या मुली. बाकाकडचं मात्र काहीच आठवेना.

"तू एकदासुद्धा वळून बघितलं नाहीस गं," खांब म्हणाली.