देवाचं तेल

पाइपलाइनची गळती शोधायला दर शनिवारी फिरणाऱ्या विमानाने पाठवलेल्या चित्रात करंजवाडीच्या पारापाशी लाल डाग उमटला. मातीत तेल मुरलेलं दिसलं की गावात आपोआप भोंगा वाजायचा आणि माणसं घरं सोडून पळायची. नियंत्रण कक्षात बसलेल्या रेवतीने सवयीने ‘देवाचं तेल’ हे बटण दाबून भोंगा थांबवला. तिचंच गाव ते. दर शनिवारी लोक पारावरच्या मारुतीला तेल वाहायचे, आणि गोडंतेल कुठलं नि जमिनीखालच्या पाइपलाइनचं कुठलं, हे विमानाला कळत नसे.

पण आज डाग थेट रस्त्यापर्यंत पसरला होता. तिने आत्याला फोन लावला.

“आत्या, आज मारुतीला एवढं तेल कोणी वाहिलं गं?”

“पारावर कुठला मारुती आता? महिना झाला, टेकडीवरच्या नव्या देवळात नेला की त्याला.”

महिनाभर रेवती दर शनिवारी तेच बटण दाबत होती.

“पारापाशी आत्ता कोण आहे?”

“अख्खं गाव! भंडाऱ्याचा स्वयंपाक इथेच आहे. थांब हं, तेवढी चूल पेटवते.”

“आत्या, नको! आधी सगळ्यांना तिथून...”

फोन आत्याने खांद्याशी धरला असावा. काडी ओढल्याचा आवाज रेवतीला अगदी स्पष्ट ऐकू आला.