पाच वर्षांखाली मोफत

"हसायचं नाही हं," नाश्त्याच्या हॉलबाहेर मी मनूच्या कानात पुन्हा सांगितलं. तिचा पुढचा दात परवाच पडला होता आणि चार वर्षांच्या मुलांचे दात पडत नाहीत. रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचं राहणं-जेवण फुकट होतं. मनूला सहा पूर्ण झाली होती.

"किती वर्षांची गं तू?" दारातल्या ताईंनी विचारलं.

मनूनं एक हात तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवली. "लाजते वाटतं!" म्हणत ताईंनी तिच्या मनगटाला लहान मुलांचा पिवळा पट्टा बांधला. मला हायसं वाटलं. खरं तर तिचं कौतुकच वाटलं.

दुपारी आम्ही मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत उभ्या राहिलो. हिच्यासाठीच मनू महिनाभर रोज "अजून किती दिवस?" विचारत होती. आमचा नंबर आला, तसा तिथल्या माणसानं पट्टा पाहिला. "पिवळा चालत नाही, मॅडम. पाच पूर्ण लागतात."

मनू रडली नाही, हट्टही केला नाही. नुसती वर बघत राहिली. मला ते बघवेना.

"दादा, ती सहा वर्षांची आहे."

"मग पट्टा पिवळा कसा? नाश्त्याला चार आणि घसरगुंडीला सहा होय?"

मागची रांग हसली. मी मान खाली घातली. मनूनं एका हातानं माझा हात घट्ट धरला, दुसरा स्वतःच्या तोंडावर ठेवला आणि घाईघाईनं म्हणाली, "काका, आई विसरली. मी चारच वर्षांची आहे."