छतातले चार दिवे

टक् असा आवाज झाला आणि छतात बसवलेले चारही दिवे पुन्हा विझले. शिडीवरच्या इलेक्ट्रिशियनने कपाळाला हात लावला.

"ताई, दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर बदलले, वायरिंग तपासलं. दिवे तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. कुणीतरी मोबाईलवरून बंद करतंय. ॲप कुणाकडे आहे?"

तिने दाराकडे पाहिलं. नवऱ्याला घराबाहेर काढलं, त्या दिवशी तिने दाराचं कुलूप तेवढं बदललं होतं.

"काढून टाका, दादा. चारही काढा. साधा बल्ब लावा, नाहीतर अंधार राहू दे, पण आत्ताच्या आत्ता काढा!"

लेक येऊन तिला बिलगली.

"आई, आपण दोघी हसायला लागलो की तेव्हाच दिवे जातात. बाबांना ते कसं ऐकू जातं गं?"