दुसरी भट्टी

लेक लेझरनं वायू थंड करते म्हणून बेकरीवाला हेरिबेर्ट बॉन शहरातल्या तिच्या प्रयोगशाळेत लोकरी मफलर गुंडाळून आला आणि दारातच घामाघूम झाला. समोरच्या भट्टीचा आकडा साडेतीनशे अंश! त्याच्या पावाला अडीचशे पुरत. “याला थंड म्हणतेस, स्वेन्या?” “पप्पा, तापलेला वायू आधी दाटीवाटीनं कोंबायचा. मग आत सोडलेला उजेड बाहेर पडताना उष्णता घेऊन जातो.” “उजेडानं गार होतं?” “होतं की!” “म्हणजे चार वर्षांपूर्वी माझी भट्टी सोडलीस, ती दुसऱ्या भट्टीपुढे उभं राहायला?” खिळ्यावरचा हातमोजा चढवून स्वेन्यानं भट्टीचं दार उघडलं. मोज्याच्या अंगठ्यावर करपल्याचा डाग होता. ती गेली त्याच दिवशी बेकरीतून नाहीसा झालेला, त्याचाच मोजा. उजेडाचं कोडं तसंच राहिलं. “चोरटी कुठली!” पुटपुटत त्यानं मफलर सोडून रिकाम्या खिळ्याला अडकवला.