ओळखीची नावं

पोल्ट्रीवाल्याच्या बायकोचं नुसतं बोट कापलं होतं. शेडमध्ये दाणे टाकताना पत्र्याची कड लागली, एवढंच निमित्त. चार दिवसांत सूज कोपरापर्यंत चढली आणि ती तापाने फणफणत हॉस्पिटलच्या खाटेवर येऊन पडली.

डॉक्टरबाईंनी पहिलं औषध लिहिलं, तेव्हा चिठ्ठी वाचून त्याला केवढा हुरूप आला होता. हे तर आमच्या शेडमध्येच असतं, निळा डबा, असं त्याने अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पक्षी आजारी पडायच्या आधीच पाण्यातून द्यायचं. मर होत नाही, वजनही झकास भरतं. बायको तापातही हसली. यांना माझ्यापेक्षा कोंबड्यांचीच काळजी जास्त, म्हणाली.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. जखमेतला पू त्यांनी त्याच दिवशी लॅबमध्ये पाठवला.

ताप उतरेना, म्हणून औषध बदललं. तेही त्याच्या ओळखीचं निघालं. निळ्या डब्याला पक्षी दाद देईनासे झाले, तेव्हा आणलेला पिवळा डबा. या वेळी तो हळूच बोलला.

आज रिपोर्ट आला. डॉक्टर पेनाचं टोक औषधांच्या यादीवरून खाली खाली नेत राहिल्या; जखमेतले जंतू एकालाही दाद देत नव्हते. बायको आता हसत नव्हती, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

"एकच उरलंय," डॉक्टर म्हणाल्या. "हे मी सहसा कुणाला लिहीत नाही. राखून ठेवतो आम्ही. लागू पडतं की नाही ते लॅब उद्या सांगेल, पण उद्यापर्यंत थांबता येणार नाही."

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती उघडलीच नाही. आयुष्यात देवाकडे त्याने गाडीभर गोष्टी मागितल्या होत्या; आज एवढंच मागितलं, की हे एक नाव तरी आपल्याला माहीत नसू दे.

मग चिठ्ठी उघडली. वाचली. पुन्हा वाचली.

"काका," डॉक्टरांनी विचारलं, "हे तरी नवीन आहे ना?"

त्याने बायकोच्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं.

"हजार पक्ष्यांना एक पाकीट," तो म्हणाला. "पाण्यातून. सलग पाच दिवस."